भातखाचरातील मिथेन आणि कार्बन क्रेडिटचा हिशेब : तंजावूरचा धडा

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद जतन केलेले आहेत. १८५५ पर्यंत येथे नांदलेल्या भोसले घराण्याचे वैभव कावेरीच्या खोऱ्यातील भातावर उभे होते. त्याच भातशेतीपुढे आज एक नवा हिशेब उभा आहे : खाचरातून निघणाऱ्या वायूचा.

वायू कोठून येतो?

पाणी साचून राहिले की जमिनीतील प्राणवायू संपतो आणि सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांपासून मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. पाणी अधूनमधून ओसरू दिले तर ही प्रक्रिया खंडित होते. यासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सच्छिद्र नळीची सोपी पद्धत सांगितली आहे. नळीतील पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या काळात मात्र खाचरात पाणी ठेवावे.

हेक्टरी किती?

आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनुसार दक्षिण आशियात सतत पाणी साचलेल्या भातातून हेक्टरी दररोज सरासरी ०.८५ किलो मिथेन निघतो. हंगाम ११२ दिवसांचा धरल्यास हे सुमारे ९५ किलो होते. पाणी अनेकदा ओसरू दिल्यास ते ०.५५ पट, म्हणजे ५२ किलोंवर येते. वाचलेले ४३ किलो म्हणजे सुमारे १.२ टन कार्बन डायऑक्साइड. एक क्रेडिट म्हणजे एक टन. उदाहरणादाखल दर टनाला १,००० रुपये धरला तरी हेक्टरी १,२०० रुपयेच होतात. त्यातून मोजणी, पडताळणी आणि मध्यस्थाचा खर्च वजा जातो. शिवाय जमीन वाळल्याने वाढणारा नायट्रस ऑक्साइडही उणे धरावा लागतो.

तंजावूरची अडचण

तमिळनाडूत शेतीपंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे पाणी वाचवल्याने कूपनलिकाधारकाचा खर्च फारसा घटत नाही. क्रेडिट हाच काय तो आर्थिक मोबदला ठरू शकतो. कालव्याखालील शेतकऱ्याची स्थिती याहून कठीण आहे. पाणी कधी ओसरवायचे हे त्याच्या नव्हे, पाळीच्या हाती असते. मेट्टूर धरणातून परंपरेने १२ जूनला सुटणारे पाणी २०२४ मध्ये अपुऱ्या साठ्यामुळे जुलैअखेरीस सुटले. कालव्याच्या शेपटाकडील खाचर टंचाईने वाळले, तर ती शेतकऱ्याने केलेली कपात ठरत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. ज्याला पाणी सर्वांत कमी, त्यालाच मोबदलाही कमी, असा हा पेच आहे.

बाजाराची विश्वासार्हता

क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेची भातविषयक कार्यपद्धती 'व्हेरा' या प्रमाणन संस्थेने २०२३ मध्ये बंद केली. २०२४ मध्ये तिने चीनमधील ३७ भातप्रकल्प नाकारले. २०२५ मध्ये अधिक काटेकोर अशी नवी कार्यपद्धती आली. भारताने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, तर जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. २०२१ च्या जागतिक मिथेन संकल्पात मात्र भारत सामील झाला नाही. अल्पभूधारकाची उपजीविका हे त्यामागील एक कारण होते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

महाराष्ट्रात खात्रीचे सिंचन असलेले भंडारा-गोंदियातील उन्हाळी धान या पद्धतीस अनुकूल आहे. कोकणातील पावसाळी खाचरांत पाण्यावर तितके नियंत्रण राहत नाही. करारावर सही करण्यापूर्वी शेतकऱ्याने चार गोष्टी विचाराव्यात : क्रेडिटची मालकी कोणाची, विक्रीतील वाटा किती, पैसे केव्हा मिळणार आणि उत्पादन घटल्यास जबाबदारी कोणाची. पाण्याची बचत हा या पद्धतीचा खात्रीचा लाभ आहे. क्रेडिटकडे वरकड उत्पन्न म्हणूनच पाहावे.