औषधाच्या बाटलीतील गोड द्रव

खोकल्याच्या किंवा तापाच्या पातळ औषधाची बाटली हाती घेतली म्हणजे आपण तिच्यावरचे नाव पाहतो आणि किंमत पाहतो. फार चिकित्सक मनुष्य असला तर मुदतीची तारीखही पाहतो. पण बाटलीत खरे औषध वजनाने अगदी थोडे असते. उरलेले सारे पाणी, साखर, रंग, वास आणि त्या औषधाला विरघळवून धरणारा एखादा गोडसर दाट द्रव असतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या लेखात आम्ही त्या द्रवाविषयीच लिहिणार आहोत. रसायनशास्त्र हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात थोडा रुक्ष वाटेल हे आम्ही जाणतो. तथापि हे रसायन कारखान्यात नव्हे, तर घरातल्या फडताळावर बसलेले आहे.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत घडलेली घटना जुन्या वाचकांना आठवत असेल. मेंदूला सूज आली किंवा डोळ्यातील दाब वाढला, तर तो उतरवण्यासाठी रोग्याला ग्लिसरीन पाजण्याची रीत होती. उपाय जुना आणि निर्धोक. पण त्या पंधरा-वीस दिवसांत ग्लिसरीन घेतलेल्या रोग्यांची लघवी बंद होऊ लागली, आणि एकामागून एक असे चौदा रोगी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. तपासणीत असे दिसले की, त्या ग्लिसरीनमध्ये साडेअठरा टक्के डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुढे या प्रकरणाची चौकशी केली. खरेदीतील आणि तपासणीतील जी ढिलाई त्या चौकशीत उघडी पडली तिची चर्चा कित्येक वर्षे चालू होती. ती कथा राजकारणाची आणि कारभाराची आहे. आम्हांला येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे: दिसायला सारखे, चवीला सारखे, पाण्यात सारखेच विरघळणारे हे दोन द्रव, मग एक पोटात गेला असता अन्न होतो आणि दुसरा विष होतो, हे कसे?

त्यासाठी प्रथम विरघळणे म्हणजे काय ते पाहू. साखर पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही, हे स्वयंपाकघरात कोणालाही ठाऊक आहे. साखरेच्या रेणूवर ठिकठिकाणी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या लोंबत असतात. रसायनशास्त्रात अशा जोडीला हायड्रॉक्सिल गट म्हणतात. पाण्याचा रेणूही याच दोन मूलद्रव्यांचा, त्यामुळे पाणी अशा जोडीला नात्यातले समजून जवळ करते. तेलाच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या. त्यांत पाण्याला धरायला जागाच नाही. रेणूवर असे जे निरनिराळे गट लागलेले असतात त्यांना क्रियात्मक गट हे नाव आहे, आणि औषधाचा बराचसा स्वभाव या गटांवरून सांगता येतो. एखादे घर पाहण्यापूर्वी त्याच्या दारावरून आपण आतल्या मंडळींचा अंदाज बांधतो, तसेच हे.

आता पाण्यात न विरघळणारे औषध पाण्यात कसे आणावयाचे? याची एक युक्ती आम्ल आणि अल्क यांच्या नात्यात आहे. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकला की फसफसते आणि आंबटपणा जातो. आम्लाचा क्षार झालेला असतो. क्षार झाला म्हणजे रेणूवर विद्युत्‌भार येतो, आणि विद्युत्‌भार असलेला रेणू पाण्याला फार प्रिय. पाण्याच्या पेल्यात टाकताच फसफसणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी याच युक्तीने विरघळते. अ‍ॅस्पिरिनवर कार्बोक्झिल नावाचा आम्लधर्मी गट आहे, आणि गोळीत मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग होऊन त्याचा विरघळणारा क्षार बनतो. उलट ज्या औषधांवर नायट्रोजनचा अल्कधर्मी गट असतो त्यांना आम्ल देऊन क्षार करतात. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत औषधाच्या नावापुढे ‘हायड्रोक्लोराइड’ किंवा ‘मॅलिएट’ असे जे शेपूट दिसते, त्याचा अर्थ इतकाच की, या अल्काला आम्ल देऊन पाण्याजोगे केले आहे. सर्दीच्या औषधातील फेनिलएफ्रिन हायड्रोक्लोराइड आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट ही दोन्ही अशीच.

परंतु त्याच बाटलीत तिसरे औषध असते ते पॅरासिटामॉल, आणि ते मात्र या युक्तीला दाद देत नाही. त्याच्यावरही एक हायड्रॉक्सिल गट आहे. तो बेंझीनच्या कड्याला लागलेला असल्याने किंचित आम्लधर्मी आहे खरा, पण अ‍ॅस्पिरिनच्या आम्लापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी दुबळा. इतक्या दुबळ्या आम्लाचा क्षार करावयाचा तर द्रव इतका खारट-जहाल करावा लागेल की, मुलाची जीभ पोळेल आणि औषधही टिकणार नाही. नायट्रोजन त्याच्यातही आहे. पण शेजारच्या ऑक्सिजनने त्याची सारी ऐट हिरावून घेतल्यामुळे तो अल्काचे काम करीत नाही. तेव्हा पॅरासिटामॉल साध्या पाण्यात, साध्या रूपात, जेवढे विरघळेल तेवढेच. चहाच्या चमच्याएवढ्या, म्हणजे पाच मिलिलिटर पाण्यात, ते सुमारे सत्तर मिलिग्रॅम विरघळते. मुलांच्या औषधात मात्र त्याच चमच्यात सव्वाशे मिलिग्रॅम हवे असते. ही जी पन्नास-पंचावन्न मिलिग्रॅमची तूट, ती भरून काढण्यासाठी बाटलीत विद्रावक येतो. सगळा अनर्थ या तुटीच्या दारातून आत शिरतो.

विद्रावक असा हवा की ज्याचा एक हात पाण्याला धरील आणि दुसरा औषधाला. दोन किंवा तीन हायड्रॉक्सिल गट असलेले छोटे कार्बनी रेणू हे काम उत्तम करतात. ग्लिसरीनवर असे तीन गट आहेत, प्रॉपिलीन ग्लायकॉलवर दोन. डायएथिलीन ग्लायकॉलवरही दोनच. मात्र त्याच्या मध्यभागी ऑक्सिजनचा एक पूल आहे, ज्याला रसायनज्ञ ईथर म्हणतात. तिन्ही रंगहीन, दाट आणि गोडसर. विरघळवण्याच्या कामात तर डायएथिलीन ग्लायकॉल कोणाला हार जाणार नाही. मोटारीच्या ब्रेकचे तेल, राळ, गोठणविरोधी द्रव अशा धंद्यांत त्याचा मोठा खप आहे आणि औषधी ग्लिसरीनपेक्षा ते स्वस्त पडते. प्रयोगशाळेच्या चंचुपात्रात या तिघांची परीक्षा घेतली तर तिघेही उत्तीर्ण होतील. खरी परीक्षा पुढे यकृतात होते.

यकृताचे काम थोडक्यात सांगावयाचे तर, पोटातून आलेल्या परक्या पदार्थाला पाण्याजोगे करणे आणि मूत्रपिंडांकडे रवाना करणे. पॅरासिटामॉलचेच पाहा. त्याच्या हायड्रॉक्सिल गटावर यकृत ग्लुकुरॉनिक आम्लाचा किंवा सल्फेटचा एक तुकडा चिकटवते आणि मग ते लघवीवाटे निघून जाते. अल्कोहोल वर्गातील रेणू आले की यकृतातील एन्झाइमे टोकाच्या हायड्रॉक्सिल गटातून हायड्रोजन काढून घेतात आणि ऑक्सिजन घालतात. अल्कोहोलचे अल्डिहाइड होते आणि अल्डिहाइडचे आम्ल. ताडी आंबून तिचा सिरका होतो त्याच जातीची ही क्रिया. एन्झाइम काही पुढचा विचार करीत नाही. टोकाला हायड्रॉक्सिल दिसला की त्याचे आम्ल करावयाचे, एवढेच त्याला ठाऊक.

मग त्यातून कोणते आम्ल निपजते यावर रोग्याचे नशीब ठरते. प्रॉपिलीन ग्लायकॉलपासून लॅक्टिक आम्ल होते. हे आम्ल दह्यात असते, आणि दिवसभर ऊस तोडणाऱ्याच्या दंडातही तयार होत असते. शरीराला त्याची पूर्ण ओळख असून ते जाळून त्यातून शक्ती मिळवता येते. ग्लिसरीन तर घरचेच. आपण खाल्लेल्या शेंगदाण्याच्या वा करडईच्या तेलाचा कणा ग्लिसरीनचाच असतो. साबण करताना तेलातून तेच बाजूला निघते. यकृत त्याला फॉस्फेट लावून साखरेच्या वाटेवर सोडते. डायएथिलीन ग्लायकॉलची वाट मात्र निराळी. त्याच्या एका टोकाचे आम्ल होते, पुढे काही रेणूंच्या दुसऱ्याही टोकाचे होते. आणि मधला ईथरचा पूल शरीराला तोडता येत नाही. पूल तुटला असता तर तुकडे करून काही तरी सोय लागली असती. पूल शाबूत राहतो आणि दोन्ही टोकांना कार्बोक्झिल गट असलेले डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते.

येथे निसर्गाची एक क्रूर गफलत आहे. दोन कार्बोक्झिल गटांचे हे आम्ल, पेशी ज्या सक्सिनिक आम्लावर जगते त्याच्याशी अंगलटीने मिळतेजुळते असते. मूत्रपिंडांतील बारीक नळ्यांच्या पेशी उपयोगी पदार्थ लघवीतून परत ओढून घेण्यासाठी सदैव दार उघडे ठेवून बसलेल्या असतात; त्या या तोतयाला आपला समजून आत घेतात. आत गेल्यावर तो बाहेर पडत नाही, साचत जातो आणि पेशीची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणाच अडवून धरतो. पेशी मरतात, नळ्या बुजतात, लघवी थांबते. जे आम्ल होणे एरवी शरीराबाहेर पडण्याचा परवाना ठरते, तेच येथे घात करते.

हे ज्ञान पूर्वी नव्हते काय? पुरते नव्हते, पण धडा १९३७ साली मिळाला होता. अमेरिकेत सल्फानिलामाइड हे नवे, गुणकारी औषध पाण्यात विरघळेना म्हणून एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. रंग, वास आणि चव यांची चाचणी घेतली, माल बाजारात पाठवला, आणि शंभरावर माणसे दगावली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. तत्कालीन कायद्यात औषध निर्धोक असले पाहिजे अशी अटच नव्हती. बाटल्या जप्त करण्यास सरकारला आधार सापडला तो एवढाच की, लेबलावर ‘इलिक्झिर’ लिहिले होते आणि आत मद्यार्क नव्हता! १९३८ साली तेथे नवा कायदा झाला. आपल्याकडे मद्रासला १९७२ मध्ये, मुंबईला १९८६ मध्ये, गुडगावला १९९८ मध्ये, जम्मूच्या रामनगरला २०१९-२० च्या हिवाळ्यात हेच विष निरनिराळ्या लेबलांखाली पाजले गेले. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे सत्तर मुले गेली, आणि ती औषधे भारतातून गेलेली होती.

त्यानंतर १ जून २०२३ पासून, परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारी मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. उत्तम झाले. पण २०२५ च्या सप्टेंबरात नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाकडे, जी बाटली पोचली तिला समुद्र ओलांडावयाचा नव्हता. ‘कोल्ड्रिफ’ या नावाच्या त्या औषधात तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या बाटलीतही औषधे तीच होती, दोन क्षार आणि एक पॅरासिटामॉल. त्यांच्यात दोष नव्हता.

ही भेसळ ओळखणे अवघड असते तर गोष्ट वेगळी. शुद्ध ग्लिसरीनचा एक मिलिलिटर १.२६ ग्रॅम भरतो, डायएथिलीन ग्लायकॉलचा १.१२, म्हणजे साध्या वजनकाट्यालाही शंका येऊ शकते. वायुवर्णलेखन या पद्धतीने तर अगदी किंचित प्रमाणही काही मिनिटांत कागदावर उमटते. कच्च्या मालाचे पिंप फोडले की प्रत्येक पिंपातून नमुना काढून ही चाचणी घ्यावयाची, एवढाच उपाय. आमच्या मते येथे अज्ञानाला जागा उरलेली नाही. टाळाटाळीला मात्र पुष्कळ आहे.

उपचाराचे तत्त्व वरच्या विवेचनावरूनच निघते. विष यकृतात तयार होते. तेव्हा यकृताचे ते एन्झाइम वेळीच अडवले, तर मूळ ग्लायकॉल फारसे न बदलता लघवीवाटे किंवा डायलिसिसने काढून टाकता येते. फोमेपिझोल नावाचे औषध हे काम करते. ते नसेल तर डॉक्टर रुग्णालयात मोजून शुद्ध मद्यार्कही देतात. एन्झाइम आधी त्याच्या मागे लागते आणि ग्लायकॉल वाट पाहत राहते. घरी करावयाचा हा उपाय नव्हे, हे सांगायला नकोच. आणि आम्ल एकदा बनून मूत्रपिंडात शिरले की या उपायाचा जोर सरतो.

म्हणून वेळेला महत्त्व. गेवराई तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला परमुलखात जातात. फडावरच्या कोपीत मुलाला ताप भरला की जवळच्या दुकानातून मिळेल ती बाटली येते. पाच वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीचे असे औषध सहसा देऊच नये, दोन वर्षांखालील मुलांना तर मुळीच नाही, असा सल्ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. दिलेच असेल आणि नंतर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी, गुंगी दिसली, विशेषतः मुलाची लघवी कमी झाली, तर ताप उतरला म्हणून स्वस्थ बसू नये. बीडचे जिल्हा रुग्णालय असो, संभाजीनगरची घाटी असो की फडाजवळचे दुसरे मोठे रुग्णालय असो, त्याच दिवशी मूल तेथे न्यावे. बाटली फेकून न देता बरोबर घ्यावी. तिच्यावरच्या बॅच क्रमांकावरून तोच माल इतरत्र कोठे गेला ते शोधता येते, आणि तळाशी चमचा-दोन चमचे द्रव उरला असला तरी प्रयोगशाळेला तो पुरतो.