घरातला राउटर : पहिली जोडणी, पहिली खबरदारी



एके काळी प्रभादेवीतल्या मुलाशी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून तासन् तास थांबावं लागे. आता घरात ब्रॉडबँड आलं की ओटीवर बसून त्याचं तोंड दिसतं, सातबाराही घरीच पाहता येतो. मात्र राउटर बसवताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) जागा : घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. लोखंडी कपाट, पाण्याचं पिंप आणि जाड भिंत लहरी अडवतात.

२) तार : फायबर म्हणजे केसासारखा काचेचा धागा. त्याची घडी घालू नका, मोठं वेटोळं करा.

३) दिवे : 'पॉन'चा दिवा स्थिर हवा. 'लॉस'चा तांबडा दिवा लागला, तर तार तुटली किंवा मुडपली असं समजून कंपनीला कळवा.

४) पासवर्ड : डब्याच्या पाठीवर पासवर्ड आणि पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) छापलेला असतो. मोबाईल वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. वाय-फायचा आणि राउटर उघडण्याचा, असे दोन्ही पासवर्ड बदला. नाहीतर कुलूप लावून किल्ली दारातच टांगल्यासारखं होईल! नवा पासवर्ड किमान १२ अक्षरांचा असावा. वहीत लिहून ठेवा.

५) वीज : विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा.

बँकेचा ओटीपी कोणालाही सांगू नका. फसगत झालीच, तर लाजू नका. तात्काळ १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.