नदीच्या पूर्वेला हल्क दुसऱ्याचा

मार्व्हल विकत घेत असल्याचं डिस्नेने ३१ ऑगस्ट २००९ रोजी जाहीर केलं. किंमत सुमारे ४ अब्ज डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १९ हजार कोटी रुपयांच्या वर. त्या पैशांत ५,००० हून जास्त पात्रं डिस्नेच्या मालकीची झाली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला व्यवहार पूर्ण झाला. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ डिस्नेची सुमारे ११० चौरस किलोमीटर जमीन आहे, चार मोठी थीम पार्क आहेत. तिथे मार्व्हलच्या पात्रांवरची पहिली राइड सुरू व्हायला मात्र २७ मे २०२२ उजाडलं. मधे गेली १२ वर्षं आणि जवळपास ५ महिने. आणि त्या राइडमध्येही स्पायडरमॅन नाही, हल्क नाही, कॅप्टन अमेरिका नाही, आयर्न मॅनही नाही.

हल्क आणि स्पायडरमॅन तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर, युनिव्हर्सलच्या आवारात आहेत. ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ हे पार्क २८ मे १९९९ रोजी उघडलं, तेव्हापासून मार्व्हलचा एक अख्खा विभाग तिथे आहे. हल्कचा हिरवा रोलर कोस्टर ताशी १०८ किलोमीटर वेगाने सात वेळा उलटा होतो. त्याच्यापासून थोड्या अंतरावर स्पायडरमॅनची राइड. डिस्नेच्या मालकीची पात्रं डिस्नेच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडे रोज कामाला आहेत, आणि डिस्नेला त्यांना घरी आणता येत नाही.

याचं मूळ २२ मार्च १९९४ या तारखेच्या एका करारनाम्यात आहे. त्या दिवशी युनिव्हर्सलची तेव्हाची मालक कंपनी एमसीए आणि मार्व्हल यांच्यात करार झाला. तेव्हाची मार्व्हल आजच्यासारखी नव्हती. रॉन पेरेलमन यांनी १९८९ मध्ये ती ८ कोटी २५ लाख डॉलरला घेतली होती. १९९३ नंतर अमेरिकेतला कॉमिक्सचा बाजार खाली घसरला आणि पुढे २७ डिसेंबर १९९६ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सिनेमांचे हक्कही त्याच दशकात वेगवेगळ्या स्टुडिओंकडे गेले. अशा कंपनीच्या दारात एक बडा स्टुडिओ आला आणि तुमच्या पात्रांसाठी आम्ही पार्कातला एक पूर्ण विभाग बांधतो म्हणाला. मार्व्हलने त्याला भरभरून दिलं.

काय काय दिलं, ते करारातल्या भूगोलावरून कळतं. अमेरिकेचे दोन भाग पाडले आणि सीमा ठरवली मिसिसिपी नदी. नदीच्या पश्चिमेला दुसरं कुठलंही थीम पार्क मार्व्हलचं कुठलंही पात्र वापरू शकतं, युनिव्हर्सल ते वापरत असलं तरीही. पूर्वेला युनिव्हर्सलने वापरात घेतलेलं पात्र दुसऱ्या पार्काला वर्ज्य. कॅलिफोर्निया पश्चिमेला, फ्लोरिडा पूर्वेला. म्हणून कॅलिफोर्नियात डिस्नेने ४ जून २०२१ रोजी ‘अव्हेंजर्स कॅम्पस’ उघडला आणि तिथे स्पायडरमॅनची नवी राइडही चालू केली. फ्लोरिडात तोच स्पायडरमॅन त्यांना पार्काच्या फाटकातून आत घेता येत नाही.

खरी मेख ‘वापरात’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. एखादं पात्र राइडमध्ये ठळकपणे दिसत असेल, किंवा एखादं दुकान वा खाण्याचं ठिकाण त्याच्या सजावटीवर उभं असेल, आणि मागच्या वर्षभरात पार्काच्या जाहिरातीत ते किंवा त्याच्या गोतावळ्यातलं कुणी झळकलं असेल, तर ते वापरात आहे असं धरायचं. आणि ते एकटं धरायचं नाही, त्याचं सगळं कुटुंब धरायचं. कुटुंब म्हणजे काय, हे करारात उदाहरणांनी सांगितलं आहे: फँटास्टिक फोर, अव्हेंजर्स, आणि ज्या नायकाचा वापर चालू आहे त्याचे खलनायक.

हे कलम जागेवर कसं काम करतं, ते ऑरलँडोच्या त्या विभागातून चालत गेलं की दिसतं. तिथे ‘कॅफे फोर’ नावाचं पिझ्झा-पास्ता मिळणारं ठिकाण आहे, भिंतींवर फँटास्टिक फोर. जवळच ‘कॅप्टन अमेरिका डायनर’, तिथे बर्गर. डॉक्टर डूमचा उंच मनोरा आहे, तो फँटास्टिक फोरचा शत्रू. सन २००० मध्ये आलेली गोल गोल फिरवणारी एक छोटी राइड ‘स्टॉर्म’च्या नावाची आहे, आणि स्टॉर्म एक्स-मेनमधली. लहान मुलांना चक्कर आणणारी ही एक राइड एक्स-मेनचं दार अडवून धरते. बर्गरचं दुकान कॅप्टन अमेरिकाच्या मागे अव्हेंजर्स उभे करतं. हल्क आणि स्पायडरमॅन तर आहेतच. मार्व्हलची ज्यांच्या नावावर तिकिटं खपतात अशी बहुतेक सगळी घराणी त्या एका विभागात बांधली गेली आहेत.

तिथली चित्रंही निरखून पाहावीत. भिंतींवरचे नायक कॉमिक्सच्या पानावरचे आहेत, जाड काळ्या रेघांचे आणि भडक रंगांचे. सिनेमातल्या नटांचे चेहरे त्यात नाहीत. मार्व्हलचे चित्रपट जगभर गाजत असताना ही भिंत नव्वदच्या दशकातच थांबलेली आहे.

आता पैशांचं. युनिव्हर्सल या वापरासाठी परवाना शुल्क आणि मालाच्या विक्रीवर रॉयल्टी देतं, पूर्वी मार्व्हलला, आता डिस्नेच्या घरात. हल्कचा टी-शर्ट युनिव्हर्सलच्या दुकानात विकला गेला तरी त्यातला वाटा डिस्नेकडे जातो. पण या कराराला संपण्याची तारीख नाही. युनिव्हर्सल विभाग चालू ठेवील, दर्जा सांभाळील, पैसे भरील, तोवर करार जिवंत. मुंबईत जुनी चाळ विकत घेणाऱ्याला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही: इमारत नव्या मालकाच्या नावावर झाली, तळमजल्यावर पागडीचा भाडेकरू आहे, भाडं वेळेवर येतं, आणि त्याला हलवता येत नाही.

४ अब्ज हा आकडा मोठा की लहान, हे कळायला त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा लागतो. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म, म्हणजे ‘स्टार वॉर्स’, घेतली ४.०५ अब्ज डॉलरला. किंमत जवळपास तेवढीच. स्टार वॉर्सची पार्कातली राइड मुळात १९८७ पासून डिस्नेकडेच होती, प्रतिस्पर्ध्याच्या हातात काहीच नव्हतं. म्हणून ‘गॅलेक्सीज एज’ हा भव्य विभाग कॅलिफोर्नियात ३१ मे २०१९ ला उघडला आणि फ्लोरिडात २९ ऑगस्ट २०१९ ला. दोन किनारे, तीन महिन्यांचं अंतर, खरेदीपासून सात वर्षांच्या आत. मार्व्हलच्या बाबतीत कॅलिफोर्नियात पहिली राइड २७ मे २०१७ ला आली आणि फ्लोरिडातली बरोबर पाच वर्षांनी. दोन्हींचा विषय एकच, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’. जवळपास एका किमतीच्या दोन मालमत्तांमधला हा फरक माझ्या मते या धंद्यातला सर्वांत बोलका हिशेब आहे. सौद्याच्या रकमेवर मथळे होतात. मालमत्तेची खरी किंमत मात्र तिच्यावर आधीच किती बोजा चढलेला आहे यावर ठरते, आणि तो जुन्या कागदांत शोधावा लागतो.

गार्डियन्सच का, याचं उत्तरही त्याच कलमात आहे. १९९४ मध्ये या टोळीला कुणी विचारत नव्हतं. बोलणारं झाड आणि बंदूक घेतलेला रॅकून यांच्यासाठी युनिव्हर्सलने ना राइड बांधली ना खानावळ. २०१४ च्या सिनेमाने त्यांना प्रसिद्धी दिली तेव्हा ते पूर्वेलाही मोकळेच होते. ‘बिग हिरो ६’ मूळचं मार्व्हलचं कॉमिक. त्यातला गुबगुबीत बेमॅक्सही असाच फ्लोरिडात शिरला. डिस्नेच्या जहाजांवर तर अव्हेंजर्स उघड वावरतात, कारण करार थीम पार्कांचा आहे आणि जहाज थीम पार्क नाही.

नावाचंही असंच. अमेरिकेतल्या इतर पार्कांना राइडच्या नावात ‘मार्व्हल’ शब्द वापरायला करारात मज्जाव आहे. म्हणून कॅलिफोर्नियात नुसता ‘अव्हेंजर्स कॅम्पस’. पॅरिसमध्ये २० जुलै २०२२ ला तोच विभाग उघडला तेव्हा पाटीवर ‘मार्व्हल अव्हेंजर्स कॅम्पस’ लिहिता आलं.

ओसाकाची गोष्ट वेगळी. तिथल्या युनिव्हर्सलमध्ये स्पायडरमॅनची राइड २३ जानेवारी २००४ ला सुरू झाली आणि २२ जानेवारी २०२४ ला बंद, बरोबर वीस वर्षं भरून. ऑरलँडोची राइड चालूच आहे.

एका परवान्याने पार्काचं काय होतं, त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मात्र सुपरहिरोंचा नाही, हॅरी पॉटरचा आहे, आणि तोही त्याच ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’मधला. या व्यवसायाच्या वार्षिक अंदाजांनुसार २००९ मध्ये तिथे सुमारे ४६ लाख लोक आले. जून २०१० मध्ये पॉटरचा विभाग उघडला. त्या वर्षी ५९ लाख. २०११ मध्ये ७६ लाख. दोन वर्षांत ६५ टक्क्यांच्या आसपास वाढ. जमीन तीच, हवा तीच, शहर तेच. हॅरी पॉटरचे हक्क वॉर्नरचे. वॉर्नरचा जादूगार युनिव्हर्सलकडे, डिस्नेचा हल्कही युनिव्हर्सलकडे. आणि वॉर्नरचाच बॅटमॅन तिसऱ्याच कंपनीकडे, सिक्स फ्लॅग्जकडे.

सिक्स फ्लॅग्जची कहाणी थोडक्यात अशी. नव्वदच्या दशकात ही कंपनी टाइम वॉर्नरच्याच मालकीची होती. १९९२ मध्ये शिकागोजवळच्या पार्कात ‘बॅटमॅन: द राइड’ आली, पाय मोकळे लोंबकळत ठेवून रुळांखालून नेणारी त्या प्रकारची जगातली पहिली. १९९८ मध्ये वॉर्नरने पार्कं १.८६ अब्ज डॉलरला विकली, पण पात्रांचा परवाना पार्कांसोबत गेला. अमेरिकेपुरता तो २०५३ पर्यंत आहे, आणि त्यातून लास वेगासचा परिसर वगळलेला आहे. २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्जचं सीडर फेअरशी विलीनीकरण झालं, तरी बॅटमॅन तिथेच.

अमेरिकेबाहेर या रेषा नसल्याने चित्र मोकळं आहे. आखातात तर ते ठळक दिसतं. दुबईत ३१ ऑगस्ट २०१६ ला उघडलेल्या ‘आयएमजी वर्ल्ड्स’मध्ये छताखाली मार्व्हलचा विभाग आहे, अबू धाबीत २०१८ मध्ये १ अब्ज डॉलर खर्चून बांधलेल्या ‘वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड’मध्ये गॉथम आणि मेट्रोपोलिस ही बॅटमॅन-सुपरमॅनची दोन शहरं. दोन्हींत गाडीने तास-दीड तासाचं अंतर. सुट्टीत दुबईला जाणारी मराठी कुटुंबं जो हल्क पाहतात, त्याची मालक डिस्ने आणि पार्क स्थानिक कंपनीचं. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकाने २०१३ मध्ये हा खर्चाचा रस्ता टाळला. परदेशी सुपरहिरो न आणता त्यांनी अदृश्य होणारा ‘मिस्टर इंडिया’ राइडवर बसवला आणि बाकी बरीचशी पात्रं स्वतःची घडवली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो: घरचं पात्र फिकं पडलं तरी दुसऱ्याच्या करारातल्या कुटुंबात अडकत नाही.

या सगळ्या अब्जांच्या तळाशी एक छोटा आकडा आहे, आणि तो वाचताना राग येतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांना १९३८ मध्ये सुपरमॅनच्या पहिल्या १३ पानांचे पानाला १० डॉलर प्रमाणे १३० डॉलर मिळाले, आणि त्यात पात्राचे सगळे हक्क गेले. पुढे १९७५ मध्ये, जनमताच्या रेट्यानंतर, वॉर्नरने दोघांना वर्षाला २०,००० डॉलर देऊ केले. ते १३० डॉलर ज्यात होते तो ४१२ डॉलरचा धनादेश २०१२ मध्ये लिलावात गेला १ लाख ६० हजार डॉलरला. पात्राच्या सगळ्या हक्कांसाठी मिळालेल्या रकमेपेक्षा त्या कागदाच्या तुकड्याला कितीतरी जास्त मोल आलं, आणि कुठल्याही पार्काच्या हिशेबवहीत त्या दोघांसाठी रकाना नव्हता.

कायद्याने मात्र एक मुदत घातलेली आहे. अमेरिकेत त्या काळातल्या प्रकाशनांचं स्वामित्व ९५ वर्षांनी संपतं. १९३८ चा सुपरमॅन १ जानेवारी २०३४ ला सर्वांचा होईल, १९३९ चा बॅटमॅन वर्षभराने. सिक्स फ्लॅग्जचा परवाना तेव्हा अजून अठरा-एकोणीस वर्षं उरलेला असेल. १९६२ चे हल्क आणि स्पायडरमॅन १ जानेवारी २०५८ ला मोकळे होतील, मिसिसिपीच्या दोन्ही बाजूंना. व्यापारचिन्हांचं संरक्षण पुढेही राहील, त्यामुळे पाटीवर नाव लावताना वकील लागणारच. शिवाय मोकळं होतं ते फक्त त्या त्या वर्षीचं रूप. १९३८ च्या कथेतला सुपरमॅन उडत नाही. तो मैलाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे २०० मीटर, एका उडीत पार करतो. उडायला तो पुढच्या वर्षांतल्या कथांत शिकला, आणि त्या कथांची मुदत नंतर संपेल. सिक्स फ्लॅग्जच्या ‘सुपरमॅन: अल्टिमेट फ्लाइट’मध्ये लोक पालथे झोपून, तोंड जमिनीकडे करून उडतात. २०३४ च्या जानेवारीत एखाद्या प्रतिस्पर्ध्याला सुपरमॅनवर राइड बांधायची झाली, तर त्याला आधी उडी मारणाराच सुपरमॅन घ्यावा लागेल.