क्रूझचं बुकिंग कधी आणि कसं करावं : झाशीहून मांडलेला हिशेब

क्रूझचं बुकिंग नेमकं कधी करावं, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारला होता. आजचा भाग त्यावरच.

मी झाशीतून बोलतो आहे. नेवाळकर घराणं मूळचं कोकणातलं. त्यांच्या काळात आणि त्याआधीही जी मराठी कुटुंबं बुंदेलखंडात येऊन स्थिरावली, त्यांच्या आजच्या पिढ्यांना समुद्र भेटतो तो फक्त सुट्टीत. मुंबई इथून रेल्वेनं सुमारे अकराशे किलोमीटर. शहरात प्रवासी विमानसेवेचा विमानतळ नाही, ग्वाल्हेरचा विमानतळ शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळे आमच्यासाठी क्रूझ जहाजावर सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यावर सुरू होते. तुम्ही नागपूर, इंदूर, रायपूर, हैदराबाद, कुठूनही ऐकत असाल, तरी हिशेब हाच आहे.

लोक विचारतात, "सवलत कधी मिळते?" मी उलट विचारतो, "तुमचे पैसे कोणत्या तारखेनंतर परत मिळणार नाहीत? आणि त्या तारखेच्या आत तुमचं जाणं पक्कं होतं का?" आजचा सगळा भाग या दोन प्रश्नांभोवती आहे.

भाव ठरतो कसा

क्रूझ कंपन्या वर्षभर आधी, काही तर दोन वर्षं आधी विक्री सुरू करतात. जहाज निघालं की रिकामी राहिलेली केबिन परत विकता येत नाही, त्यामुळे भाव मागणीप्रमाणे सतत हलतो. सुरुवातीला केबिन निवडायला सर्वांत जास्त वाव असतो. जानेवारी ते मार्च हा जगभर क्रूझ विक्रीचा मोसम मानला जातो, तेव्हा ऑफर्सची गर्दी असते. आणि अगदी शेवटी, निघायला महिना-दीड महिना उरला असताना, जागा उरल्या तर भाव पडू शकतो.

हा शेवटचा पडलेला भाव बंदराजवळ राहणाऱ्यांसाठी असतो. फ्लोरिडातला निवृत्त माणूस बॅग उचलून गाडीनं बंदरावर जातो. सिंगापूरचा माणूस मेट्रोनं जातो. आपल्याला व्हिसा लागतो, विमान लागतं, विमानतळापर्यंत रेल्वे लागते. जहाजावर वाचलेले पैसे आयत्या वेळच्या विमान तिकिटात जातात, आणि व्हिसा वेळेत आला नाही तर सगळंच जातं. म्हणून परदेशातून निघणाऱ्या क्रूझसाठी शेवटच्या क्षणाची सवलत आपण विसरावी. लवकर बुकिंग करावं, पण पैसे शहाणपणानं अडकवावेत.

तीन तारखा

कोणत्याही बुकिंगमध्ये तीन तारखा शोधा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिली, डिपॉझिट भरण्याची. दुसरी, पूर्ण रक्कम भरण्याची. ही बहुतेक वेळा निघण्याच्या ९० ते १२० दिवस आधी येते. तिसरी तारीख एकच नसते, त्या पायऱ्या असतात. रद्द केल्यास आधी थोडी रक्कम कापली जाते, मग निम्मी, आणि शेवटच्या काही आठवड्यांत पूर्ण.

डिपॉझिट दोन प्रकारचं असतं, परत मिळणारं आणि न मिळणारं. न मिळणारं घेतलं तर भाव थोडा कमी दिसतो. तो फरक म्हणजे तुमच्या अनिश्चिततेची किंमत. घरात आजारी माणूस आहे, मुलाची बदली व्हायची आहे, पासपोर्ट अजून हातात नाही, असं काही असेल तर परत मिळणारंच डिपॉझिट घ्या.

आता एक उदाहरण. समजा, झाशीतलं रेल्वेतून निवृत्त झालेलं एक जोडपं आहे. काकांची अँजिओप्लास्टी झालेली. आयुष्यात एकदा भूमध्य समुद्र बघायचा, म्हणून निवृत्तीच्या पैशातून पाच लाख रुपये फक्त जहाजासाठी बाजूला काढलेत. जहाज बार्सिलोनाहून २० सप्टेंबरला निघणार. महिना चांगला निवडला आहे. युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या संपलेल्या असतात, जुलै-ऑगस्टची गर्दी आणि भाव उतरलेले असतात, समुद्राचं पाणी अजून उबदार असतं. फक्त आपल्या पंचांगात त्या वर्षी गणपती आणि पितृपक्ष कधी आहेत, एवढं आधी बघून घ्यायचं.

आता मागून मोजू. पूर्ण रक्कम १२० दिवस आधी भरायची असेल तर ती तारीख येते २३ मे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून. निर्णयाला साधारण १५ दिवस, आणि अधिक तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

बघा, मार्चची अखेर आणि २३ मे यांच्यामध्ये सुमारे दोन महिन्यांची फट आहे. तुमचं सगळं नियोजन या फटीत बसलं पाहिजे. मार्च संपायच्या आत अर्ज द्या, ४५ दिवस लागले तरी मेच्या मध्यापर्यंत उत्तर हातात असेल. व्हिसा आला तर निर्धास्त पूर्ण रक्कम भरा. नाही आला तर परत मिळणारं डिपॉझिट मागा आणि पुढच्या वर्षाचा विचार करा. हाच अर्ज जूनमध्ये दिला तर पाच लाख आधी भरलेले असतील आणि व्हिसाची वाट नंतर बघावी लागेल. खर्च तेवढाच, जोखीम मात्र कितीतरी पटीनं जास्त. अर्जाबरोबर विमानाचं रिझर्व्हेशन दाखवावं लागतं. शक्यतो पैसे भरलेलं, रद्द न होणारं तिकीट त्यासाठी काढू नका.

मार्ग नीट वाचा. जहाज मध्येच शेंगेन देशांबाहेर, उदाहरणार्थ तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसमध्ये येणार असेल तर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या अलास्का क्रूझसाठी कॅनडा आणि अमेरिका असे दोन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत कधी मिळेल याचा नेम नसतो, तेव्हा तो हातात असल्याशिवाय अलास्काचं डिपॉझिट भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोसम कोणता

समुद्राचे मोसम ढोबळपणे असे लक्षात ठेवा. भूमध्य समुद्र एप्रिल ते ऑक्टोबर. अलास्का मे ते सप्टेंबर. नॉर्वेचा मध्यरात्रीचा सूर्य हवा तर जून-जुलै. कॅरिबियनला डिसेंबर ते एप्रिल, कारण तिथल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात. अंटार्क्टिका नोव्हेंबर ते मार्च. प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे आठवडे स्वस्त असतात. हवेची थोडी तडजोड चालणार असेल तर तिथेच खरी बचत आहे.

आपला पश्चिम किनारा जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. मुंबईहून जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

आधी एक छोटी फेरी

जो कधी जहाजावर चढलेला नाही, त्यानं थेट बारा रात्रींची परदेशी क्रूझ घेऊ नये. आधी मुंबईहून दोन-तीन रात्रींची फेरी करावी. कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून भारतीय किनाऱ्यावर फेऱ्या करतं आहे, गोवा आणि लक्षद्वीपकडेही जातं. १९९० साली बांधलेलं हे जहाज जगातल्या नव्या आलिशान जहाजांसारखं नाही, पण परीक्षेला पुरेसं आहे. समुद्र लागतो का, लहान केबिनमध्ये झोप लागते का, जेवण मानवतं का, गर्दी सोसते का, हे देशांतर्गत फेरीत व्हिसाशिवाय कळतं. बॅलार्ड पिअरला आता नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

झाशीकरांसाठी यात एक गंमत आहे. आपली पंजाब मेल १ जून १९१२ रोजी सुरू झाली असं मानतात. सुरुवातीच्या काळात ती बॅलार्ड पिअरहूनच सुटायची, बोटीनं आलेलं विलायती टपाल आणि प्रवासी घेऊन थेट पेशावरकडे. तेव्हा गाडीचं वेळापत्रक बोटीवर ठरायचं. आता ते जुळवणं आपल्याकडे आलं आहे. जहाज सुटण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी चढणं बंद होतं, आणि तुमची गाडी इटारसीला अडकली म्हणून कप्तान थांबत नाही. म्हणून मुंबईला किमान एक दिवस आणि परदेशातल्या बंदरावर दोन दिवस आधी पोचायचं. हॉटेलचे ते पैसे क्रूझच्या खर्चातच धरा.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. आपल्या काका-काकूंना १६ सप्टेंबरला झाशीहून दिल्लीला निघायचं असेल तर त्यांची तारीख १८ जुलै. ती चौथी तारीख म्हणून कॅलेंडरवर लिहा.

केबिन आणि खरा खर्च

जाहिरातीतला भाव बहुतेकदा दोघांनी एक केबिन वाटून घेतल्यावर प्रत्येकी असतो. एकट्यानं जाणाऱ्याला कधी कधी जवळपास दोघांचे पैसे पडतात. त्यात बंदर शुल्क, रोजची टिप, इंटरनेट, मद्य आणि किनाऱ्यावरच्या सहली धरल्या आहेत का, ते विचारा. अतिआलिशान कंपन्यांत यातलं बरंच भाड्यात धरलेलं असतं, त्यामुळे दीडपट दिसणारं भाडं शेवटी तेवढं महाग पडत नाही. तुलना नेहमी अंतिम बेरजेची करा.

समुद्र लागणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर केबिन घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. केबिनच्या वर पोहण्याचा तलाव किंवा नाचाचा हॉल नाही ना, ते नकाशावर बघा. कंपनीनं कोणतीही केबिन द्यावी या अटीवर भाडं कमी होतं, पण व्हीलचेअर लागणाऱ्यांनी तो मोह टाळावा. त्यांच्यासाठीच्या केबिन मोजक्या असतात आणि लवकर संपतात. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीनं उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी तशी बंदरं किती आहेत ते मोजावं. जैन, शाकाहारी किंवा उपवासाचं जेवण हवं तर बुकिंग करतानाच लेखी कळवा.

बुकिंग कुणाकडून

तीन वाटा आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट, भारतातल्या एजंटकडून, किंवा टूर कंपनीच्या पॅकेजमधून. थेट घेतलं तर पैसे परकीय चलनात जातात आणि बहुतेक कार्डांवर चलन बदलण्याचा आकार लागतो. चांगला एजंट पूर्ण रक्कम भरण्याआधी भाव उतरला तर नव्या भावासाठी कंपनीशी बोलतो. हे आधीच ठरवून घ्या. पॅकेजमध्ये व्हिसा, विमान, सोबत सगळं मिळतं, पण रद्द करण्याच्या अटी टूर कंपनीच्या असतात, जहाजाच्या नव्हे. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाचा कर आधी कापतात. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत. आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते.

कुणाकडूनही घ्या, पैसे भरल्यावर जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा आणि तो कंपनीकडे स्वतः तपासा. जालेश क्रूझेसची 'कर्णिका' २०१९ साली मोठ्या गाजावाजात मुंबईहून निघाली, आणि महामारीत, २०२० साली, कंपनीच बंद झाली. उद्योगच असा आहे. म्हणून गरजेपेक्षा आधी पूर्ण रक्कम भरू नका, आणि रोखीनं तर कधीच नाही.

विमा डिपॉझिट भरल्यावर लगेच बघा. काकांची अँजिओप्लास्टी लपवायची नाही, ती लिहून पॉलिसी घ्यायची. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं लागतं. व्हिसा नाकारला गेल्यास सहसा विमा भरपाई देत नाही, म्हणूनच मघाची ती दोन महिन्यांची फट एवढी महत्त्वाची.

तर मंडळी, आज घरी एक काम करा. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, निघायची तारीख लिहा आणि तिथून मागे या. रेल्वे, पूर्ण रक्कम, व्हिसा, पासपोर्ट. त्या ओळीत सगळ्यात मागे जी तारीख येईल, ती तुमची बुकिंगची वेळ. ती निघून गेली असेल तर यंदा मुंबई-गोवा करा आणि मोठं स्वप्न पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर लिहा. तुमच्या तारखा मला कळवा. पुढच्या भागात त्यातली काही कॅलेंडरं आपण एकत्र तपासू.