ओट्याखालचा आंधळा कोपरा

काटकोनी ओट्याच्या दोन बाजू जेथे मिळतात, तेथे खालच्या कपाटात एक अंधारी जागा राहते. ओट्याची रुंदी बहुधा 60 सेंटिमीटर असते. दार एकाच बाजूस असेल, तर कोपऱ्याचे आतले टोक हातापासून सुमारे एक मीटर दूर जाते. तेथे गेलेला बेसनाचा डबा पुढच्या दिवाळीलाच सापडतो, तोही जाळी धरलेला!

यावर फिरते तबक पुष्कळांना आवडते: मध्ये खांब, त्याभोवती फिरणाऱ्या दोन गोल फळ्या. चौरसात बसविलेले वर्तुळ मात्र सुमारे 79 टक्केच जागा व्यापते. म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक जागा सोडावी लागते. तरीही उरलेली प्रत्येक वस्तू हाताशी येते, हा लाभ लहान नव्हे. मसाल्यांच्या बरण्यांना हे तबक उत्तम. तांदळाचा दहा किलोंचा डबा एकाच कडेला ठेवला, तर ते कलून अडकण्याचा संभव असतो. दाराबरोबर बाहेर सरकणाऱ्या जाळीच्या टोपल्या अधिक सोयीच्या, पण महाग. शिवाय गोव्यासारख्या दमट हवेत त्यांचे लोखंड गंजते.

खरेदीपूर्वी दाराची मोकळी रुंदी आणि आतील नळांची वळणे मोजावीत. कपाट मोजून दार न मोजणाऱ्याचे तबक दाराशीच अडते. घरात वाकणे कठीण जाणारी वडील मंडळी असतील, तर रोजची वस्तू कोपऱ्यात ठेवूच नये. सोऱ्या, पुरणयंत्र आणि सणावारी लागणारी मोठी पातेली यांना तेथे साधी फळी पुरते.