रस्ता उखडला? ठेकेदाराची अनामत परत जाण्याआधी तक्रार करा

गावात नवा डांबरी रस्ता होतो. पहिल्याच पावसाळ्यात खडी वर येते. मग पारावर चर्चा सुरू होते, "बिल तर निघालं, आता ठेकेदाराला कोण विचारणार?" इथंच आपण चुकतो. बिल निघालं म्हणून ठेकेदार सुटत नाही.

अनामत कशासाठी असते?

काम घेणाऱ्या ठेकेदाराकडून सुरक्षा अनामत घेतली जाते. काम पूर्ण झाल्यावरही ठरावीक काळ ती सरकारी कार्यालयाकडेच राहते. या काळाला 'दोष दायित्व कालावधी' म्हणतात. त्यात खराब कामामुळे रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची. त्याने टाळाटाळ केली तर कार्यालय अनामतीतून काम करून घेऊ शकतं.

हा काळ प्रत्येक कामाला वेगळा असतो आणि तो करारनाम्यात लिहिलेला असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची देखभाल ५ वर्षं त्याच ठेकेदाराकडे असते. मुदत संपेपर्यंत लेखी तक्रार गेली नाही, तर अनामत परत जाते. मग दुरुस्तीसाठी नवं इस्टिमेट, नवं टेंडर आणि पुन्हा आपलाच पैसा!

'बिलो' टेंडरचं गणित

टेंडरमध्ये पात्र ठेकेदारांपैकी सर्वात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. समजा इस्टिमेट २० लाखांचं आहे आणि कोणी २५ टक्के बिलो भरलं, तर काम १५ लाखांत जातं. खरी स्पर्धा असेल तर सरकारचे पैसे वाचतात. पण कधी कधी हे ५ लाख डांबर कमी टाकून, थर पातळ करून भरून काढले जातात. म्हणूनच दर फार कमी असेल तर ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतात. लक्षात ठेवा, दर कमी भरला म्हणून जाडी कमी करायची सूट मिळत नाही.

कोणते कागद मागायचे?

१. अंदाजपत्रक : रस्त्याची लांबी, रुंदी आणि प्रत्येक थराची जाडी.
२. कार्यारंभ आदेश व करारनामा : रक्कम, मुदत, दोष दायित्व कालावधी.
३. मोजमाप पुस्तिका, म्हणजे 'एमबी' : अभियंत्याने नोंदवलेली मापं. बिल यावरूनच निघतं.
४. साहित्य व कामाच्या चाचणीचे अहवाल.

टेंडरची माहिती महाटेंडर्स पोर्टलवर मोबाईलवरूनही बघता येते. बाकी कागद माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. अंदाजपत्रक आणि एमबी शेजारी ठेवा, टेप घेऊन रस्ता मोजा. लांबी-रुंदीतली तफावत तिथंच कळेल. जाडीसाठी अधिकाऱ्यांसमोर तपासणीची मागणी करा.

तक्रार कशी करायची?

फोनवर सांगून किंवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकून भागत नाही. ज्या कार्यालयाचं काम आहे, तिथल्या उपअभियंत्यांना लेखी अर्ज द्या, प्रत कार्यकारी अभियंत्यांना. कामाचं नाव, नेमकी जागा, तारखेसह फोटो आणि घेतलेली मापं जोडा. मागणी स्पष्ट लिहा : "दोष दायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी आणि तोपर्यंत अनामत परत करू नये." अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. ग्रामसभेत ठराव करून सोबत जोडला तर तक्रार एकट्याची राहत नाही, गावाची होते.

सुरुवात सोपी आहे. रस्त्याच्या कडेला माहिती फलक असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. फलक नसेल, तर तो का नाही हाच ग्रामसभेतला पहिला प्रश्न.