सोळा आण्यांचा समुद्र

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने गेले, की वाटेत आरे-वारे हे जोडकिनारे लागतात. चढणीच्या वळणावर थांबले म्हणजे खाली समुद्र, वाळू, सुरूचे बन आणि पायाखाली तांबडा जांभा, असे सारे एकदम नजरेत भरते. हिवाळ्यातल्या एका निरभ्र दुपारी आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने तेथे छायाचित्र काढले. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला या जागेच्या रंगांची एक पट्टी संगणकाच्या पडद्यावर दाखवायची होती. वाळूचा चौकोन बरोबर उमटला, जांभ्याचाही उमटला. समुद्राचा चौकोन मात्र पांढरा, कोरा! आणि प्रदर्शन तर दुसऱ्या दिवशी सकाळी. समुद्रच नाही, तर ते आरे-वारे कसले?

हा समुद्र गेला कोठे, ते आपण शोधू या.

तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमीजास्त प्रमाणात मिसळले, की बहुतेक सारे रंग डोळ्यांना दिसतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडन येथे याच तत्त्वावर रंगीत छायाचित्र पडद्यावर दाखवले होते. तुमच्या मोबाइलचा पडदाही हेच करतो. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला असतो. आपल्या समुद्राचे छायाचित्रातले आकडे होते तांबडा १०, हिरवा १२६, निळा १६४.

पण रंग लिहिताना संगणकाच्या कामात बहुधा वेगळाच वेश दिसतो : ०ए७ईए४. ही षोडशमान पद्धती, म्हणजेच हेक्साडेसिमल. नाव अवघड असले, तरी हिशेब तुमच्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचा आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्यापूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत. 'सोळा आणे खरे' असे आपण अजूनही म्हणतो, ते त्यामुळेच.

समजा, तुमच्याजवळ १२६ आणे आहेत. रुपये किती? १६ ने भागा. भागाकार ७, बाकी १४. म्हणजे ७ रुपये १४ आणे. आता अट एकच : रुपयांसाठी एक अक्षर आणि आण्यांसाठी एक अक्षर वापरायचे. चौदा तर दोन अंकी! म्हणून १० साठी ए, ११ साठी बी, १२ साठी सी, १३ साठी डी, १४ साठी ई आणि १५ साठी एफ ही अक्षरे घेतात. ७ रुपये १४ आणे झाले ७ई. उलट जायचे असेल, तर ए४ म्हणजे १० रुपये ४ आणे. १० गुणिले १६ अधिक ४, म्हणजे १६४ आणे. झाले रूपांतर!

या दोन घरांत जास्तीत जास्त किती मावेल? एफएफ, म्हणजे १५ रुपये १५ आणे, अर्थात २५५. त्यात एक आणा घातला, की तिसरे घर लागते. ९९ मध्ये एक मिळवल्यावर लागते तसेच. शून्य धरून हे २५६ आकडे होतात. तीन रंगांचे मिळून २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग झाले. संगणकाला सोळाच का सोयीचे, असे तुम्ही विचाराल. त्याच्याजवळ फक्त ० आणि १. अशा चार घरांच्या सोळा मांडण्या होतात, आणि षोडशमानातले एक अक्षर बरोबर तेवढ्या मांडण्या सांगते. दोन अक्षरे म्हणजे आठ घरे, म्हणजेच एक बाइट.

आता आपल्या हरवलेल्या समुद्राकडे वळू. विद्यार्थ्याने तिन्ही आकडे षोडशमानात बदलून एकापुढे एक जोडले होते. जावास्क्रिप्टमध्ये आकड्याला 'टू-स्ट्रिंग' ही आज्ञा देऊन १६ हा पाया सांगितला, की १२६ चे ७ई मिळते, १६४ चे ए४ मिळते. पण १० चे? नुसते ए! दहा आण्यांत पुरा रुपया नाही, म्हणून रुपयाचे घर यंत्राने लिहिलेच नाही. जोडून झाले ए७ईए४, म्हणजे पाचच अक्षरे. पाच अक्षरांचा रंग ब्राउझरला ठाऊक नाही. त्याने ती ओळ सोडून दिली आणि मागचा पांढरा कागद तेवढा दिसत राहिला.

गंमत पाहा, ही चूक समुद्रालाच का बाधली? वाळू आणि जांभा यांच्यात तांबडा भरपूर. पाणी मात्र तांबडा प्रकाश निळ्यापेक्षा पुष्कळ अधिक शोषते. म्हणून स्वच्छ समुद्राच्या छायाचित्रात तांबड्याचा आकडा लहान येतो. तो सोळाच्या खाली गेला, की शून्याची गरज पडते.

पांढरा चौकोन निदान चूक दाखवतो तरी. रात्रीच्या समुद्राचे आकडे ४, ८, १४ घ्या. शुद्ध रूप ०४०८०ई, जवळजवळ काळे. शून्ये गाळली, तर ४८ई उरते. आता, तीन अक्षरांचा रंग ब्राउझरला चालतो. तो प्रत्येक अक्षर दुप्पट करून ४४८८ईई, म्हणजे ६८, १३६, २३८ असे वाचतो. मध्यरात्रीच्या समुद्राचा लख्ख निळा समुद्र झाला, आणि कोठे तक्रारही नाही! उत्तर सुंदर दिसते म्हणून ते बरोबर असतेच असे नाही, हे प्रयोगशाळेतही ध्यानात ठेवा.

उपाय सोपा. दर आकड्यासाठी दोन घरे राखायची. पहिले रिकामे असेल, तर तेथे शून्य लिहायचे. जावास्क्रिप्टमध्ये 'पॅड-स्टार्ट' ही आज्ञा हेच करते. ती जोडली, आणि रात्री उशिरा आरे-वारेला समुद्र परत आला. सकाळी प्रदर्शनात त्या विद्यार्थ्याने पट्टीशेजारी कोरा चौकोनही मुद्दाम ठेवला होता. सर्वांत जास्त प्रश्न त्याबद्दलच आले.

आता तुम्ही करून पाहा. जांभ्याचा रंग ९सी४ए२एफ आहे. त्याचे तीन आकडे काढा. सुरूच्या बनातल्या एका फांदीचे आकडे ४६, ९२, ९ आहेत. त्यांचे षोडशमान रूप लिहा. लिहून झाल्यावर अक्षरे मोजा. सहा भरली नाहीत, तर कोणते घर रिकामे राहिले, ते तुम्हाला आता सांगायला नको.

(उत्तरे : १५६, ७४, ४७ आणि २ई५सी०९.)